सात आजे आणि एक किडनी

कारागांडा,
३ ऑक्टोबर २०१४

कुल्पाश विहीणबाई,

तुम्ही बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलेली बाटली मिळाली आणि तिला रबराने बांधलेली चिठ्ठीही. चिठ्ठीत लिहिलं आहे: 'सुनेला दिवस गेले. तिसरा महिना लागला. आमच्या घोडीचं आंबवलेलं दूध तिला रोज दोन वाडगी पाजते आहे. तुम्हीही पिऊन तोंड गोड करा.' आंबट दुधाने तोंड गोड होतं हे मी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवूनही ऐकलं नव्हतं.

दूध मोरीत ओतलं. तिलाही पाजू नका. पाच वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कुशीतून किडनी काढून माझ्या भाचीच्या, तोग्झानच्या ओटीपोटात उजवीकडे बसवली, हे तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं होतं. माझ्याच टेबलाशी बसून तुम्ही म्हणाला होतात, 'व्रण झग्याखाली असतो, कोण बघतंय!' व्रण झग्याखाली असतो विहीणबाई, पण किडनी जिवंत असते. शरीर परक्या अवयवाला हाकलायला बघतं. त्याने हाकलू नये म्हणून पोरगी सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून गोळ्या घेते. त्या गोळ्या अंगातल्या पहारेकऱ्यांना झोपवतात. पहारेकरी झोपलेले असताना तुम्ही तिच्या पोटात न उकळलेलं दूध ओतता, म्हणजे चोरांना दार उघडून वर आसन देता.

आणि हे दिवस गेले कसे, ते विचारत नाही. कोणाच्या हट्टापायी गेले, ते मात्र विचारते. तीन वर्षं तुमची नजर तिच्या कमरेच्या वर गेली नाही, हे मी दर भेटीत पाहिलं आहे. तुम्हाला नातू हवा, म्हणून माझी बहीण किडनीच्या ज्या दुखण्याने गेली त्याच दुखण्यात तिची मुलगी ढकलायची?

शुक्रवारच्या बसने तिला माझ्याकडे पाठवा. गर्भ ठेवायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून मी ठरवीन. किडनी माझी आहे.

फोन करत नाही. मागच्या वेळी तुम्ही माझ्या तोंडावर फोन आपटलात, आणि त्याच्या मागच्या वेळी मी तुमच्या.

झाउरेश

•

आमच्या गावाहून,
८ ऑक्टोबर

झाउरेश विहीणबाई,

मोरीत ओतलंत? बरं झालं घोडीला वाचता येत नाही.

तुमची भाची पाजलेलं दूध पितच नव्हती. मी पाठ फिरवली की कुत्र्याला घालत होती. कुत्रा फुगला तेव्हा कळलं. मला आधी सांगायचं की नाही? पण ती तुमच्या हाताखाली वाढलेली. गप्प राहणं आणि मनातलं करणं, दोन्ही पक्कं शिकली आहे.

मी नातू मागितला, असं म्हणता. मागितला. मागायला बंदी आहे का? पण मी तिच्या पोटाकडे बघत होते ते वेगळं. तिने जेवण कमी केलं तर किडनी रुसली का, असं मला वाटायचं. मी अडाणी बाई, मला काय ठाऊक ती कुठे बसवली आहे आणि रुसली की कशी दिसते.

शुक्रवारच्या बसने काही पाठवत नाही. सून माझी, पोट तिचं. तुमची फक्त किडनी.

त्या किडनीवरूनच इथे एक घोळ झाला आहे. माझे थोरले दीर ओस्पान, तुम्ही त्यांना लग्नात पाहिलं आहे, ऐंशीचे आहेत, कुळाची वंशावळ त्यांच्या वहीत असते. त्यांनी काल चहा पिता पिता वाडगं खाली ठेवलं आणि म्हणाले, "कुल्पाश, सात आज्यांच्या आत सोयरीक करायची नाही, हा आपला नियम. लग्नाच्या वेळी पोरीच्या बापाकडचे सात आजे मोजले, ते वेगळे निघाले. पण तिच्या पोटात मांस मावशीचं आहे. मावशीच्या बापाकडचे आजे कोणी मोजले?" मी म्हटलं, "भाऊजी, एका किडनीचं काय मोजायचं?" तर म्हणाले, "मूल त्याच पोटात वाढतंय ना?"

आता सगळं गाव हेच बोलतंय. तेव्हा तुमच्या बापाकडचे सात आजे लिहून पाठवा. अक्षर नीट काढा, भाऊजींना चष्म्यातूनही कमी दिसतं.

कुल्पाश

•

८ ऑक्टोबर, त्याच पाकिटात

मावशी,

आईंनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर विचारलं, "नेहमीच असं लिहिते का?" मी म्हटलं, "नाही, आज मनावर आवर घातलाय."

कोणाच्या हट्टापायी, असं तू विचारलंस. माझ्या. माझ्या नवऱ्याच्या, दौरेनच्याही नाही, तो तर खाणीवर पंधरा दिवसांच्या पाळ्या करतो आणि मला शिंक आली तरी तिथून फोन करतो. मी वर्षभर किडनीच्या डॉक्टरांकडे जाते आहे. त्या म्हणाल्या, दोन वर्षं तब्येत स्थिर हवी. मला पाच झाली. रक्तदाब ठीक, लघवीत प्रथिन नाही, क्रिएटिनिन शहाण्णव मायक्रोमोल, म्हणजे किडनी रक्त नीट गाळते आहे. एक गोळी बाळाला घातक असते, ती त्यांनी जानेवारीत बंद करून दुसरी दिली. पुढे सहा महिने तपासून, सगळं जागेवर आहे बघून, मग 'हो' म्हणाल्या. धोका नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. बाळ लवकर येऊ शकतं, लहान असू शकतं, रक्तदाब चढू शकतो, किडनीला फटका बसू शकतो. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून मला सही करायला लावलं.

तुला सांगितलं नाही कारण तू नाही म्हणाली असतीस, आणि तू नाही म्हटल्यावर माझ्याने झालं नसतं. तू मला किडनी दिलीस तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी पाणी किती प्यायले हेही तू विचारतेस. मला राग नाही. पण मावशी, ती परत मागू नकोस.

आजवर एकही गोळी चुकलेली नाही.

तोग्झान

•

कारागांडा,
२० ऑक्टोबर

कुल्पाश विहीणबाई,

भाचीचं पत्र वाचलं. तिने मला न विचारता वर्षभर डॉक्टरांचे उंबरठे झिजवले, आणि मी दर भेटीत तिच्या डब्यात मोजून गोळ्या भरत होते तेव्हा एक गोळी बदलली आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. रंग बदलला, आकार बदलला. तिने सांगितलं 'कंपनी बदलली', आणि मी मान डोलावली. रसायनशास्त्राची बाई! तिच्याशी मी नंतर बोलेन. आज तुमच्याशी बोलते.

किडनीचे आजे मोजणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. तुमच्या थोरल्या दिरांनी कधी दात बसवून घेतले आहेत का? घेतले असतील तर ते कोणत्या कुळाचे, विचारा. चष्म्याची काच कोणाच्या गोत्राची? मूल वाढतं गर्भाशयात. किडनी शेजारी बसून रक्त गाळते. शेजारच्या घरात धोबी राहतो म्हणून तुमचं आडनाव बदलतं का? सहावीतल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण तुम्हाला मोजायचेच आहेत ना? मोजा. माझा बाप काकेन, त्याचा बाप सार्त्बाय, मग झोल्दास, मग इतेमगेन, मग कुर्मान, मग बैतोरी. बैतोरीच्या पुढे जायची गरज नाही, कारण तुमचं कुळ बैतोरीपासूनच सुरू होतं हे तुम्ही मला लग्नात चार वेळा ऐकवलं आहे. म्हणजे सहाव्या पायरीवर मी आणि तुमचा नवरा एक. किडनी तुमच्याच कुळाची.

आता नियम पाळा. तुमच्या नियमाने ती सून तुमच्या घरात राहू शकत नाही. परत पाठवा. मी बसस्थानकावर उभी राहीन.

झाउरेश

•

आमच्या गावाहून,
२ डिसेंबर

झाउरेश विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. थंडीसाठीचं घोडं कापलं, मग आतडी भरणं, मग पाहुणे.

तुमची यादी भाऊजींनी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावून मोठ्याने वाचली. मेंढा कापला. निवाडा झाला. त्या दिवसापासून तोग्झान माझी सून राहिलेली नाही. तिची पेटी आणि गाद्या भाऊजींच्या घरी हलवल्या. दौरेन खाणीवर होता, त्याला नंतर कळलं.

नियम म्हणजे नियम. तुम्हीच म्हणालात.

कुल्पाश

•

कारागांडा,
६ डिसेंबर

कुल्पाश,

विहीणबाई म्हणत नाही. तुम्ही ते नातं मेंढ्याबरोबर कापलंत.

पाचवा महिना! बाहेर उणे सव्वीस! आणि तुम्ही तिची पेटी उचलून एका ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या घरात टाकलीत? मी म्हटलं होतं माझ्याकडे पाठवा. गावातल्या गावात वाटी फिरवावी तशी फिरवा असं म्हटलं नव्हतं. तिची दर पंधरा दिवसांची रक्ततपासणी कोण करवतंय? पोट वाढतं तसं रक्तातलं औषध कमी पडतं, मात्रा वाढवावी लागते, मोजल्याशिवाय ती वाढवता येत नाही. मोजायला कारागांड्याला यावं लागतं, दोनशे वीस किलोमीटर. तुमच्या म्हाताऱ्यांच्या निवाड्यात हे कलम होतं का? तिचा फोन लागत नाही. तुमचा तर लागूनही उपयोग नाही.

आता ऐका. मला हे लिहायला लाज वाटते आहे, पण तुमच्यासमोर नाही. तुमच्यासमोर वाटायला तुम्ही काही ठेवलं नाही. ती यादी खोटी आहे. माझ्या सहाव्या आज्याचं नाव बैतोरी नाही, तोक्सान आहे. आम्ही तळ्याच्या पलीकडचे, वेगळ्याच कुळाचे. तुमच्या मूर्खपणाचाच दोर करून मी तिला बाहेर ओढणार होते. लहानपणी आमच्या वस्तीत हद्दपार होऊन आलेली एक पोलिश नन राहायची. तिने मला लिहायला शिकवलं, आणि खोटं लिहिलं की ती बोटांवर पट्टी मारायची. ती आज असती तर माझी बोटं शिल्लक राहिली नसती.

खोटं माझं आहे. ते गावात मोठ्याने वाचा, पुन्हा मेंढा कापा, मला वाटेल ते म्हणा. पण पोरीला तिच्या घरात परत न्या. शनिवारी मी स्वतः येते आहे.

झाउरेश

•

आमच्या गावाहून,
९ डिसेंबर

झाउरेश विहीणबाई, (मी म्हणणार)

शनिवारी येऊ नका, घाटात बर्फ आहे. आणि यायची गरजही नाही. ती काल भाऊजींच्या गाडीतून तुमच्याच कारागांड्यात होती, रक्त द्यायला. तुमच्या दारावरून गेली. थांबली नाही, कारण तुम्ही चिडलेल्या आहात असं मी सांगितलं होतं. फोन लागत नाही कारण तो टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि टेकडी तिला मना आहे.

तुमची यादी खोटी हे भाऊजींना पहिल्या ओळीला कळलं. त्यांच्या वहीत बैतोरीला दोन मुलगे, कुर्मान नावाचा कोणीच नाही. तुम्हाला काय वाटलं, ऐंशी वर्षं तो माणूस दुसरं काही करत होता? वाचून ते इतके हसले की दात पडला. (बसवलेला. कुळ विचारायला विसरले.) मग मला म्हणाले, "मास्तरीणबाई शिकलेली आहे, पण तिने आपल्याला चांगली वस्तू पाठवली आहे. फुकट घालवायची नाही."

सून म्हणजे काय ते तुम्ही शहरात विसरलात. थंडीचं घोडं कापलं की महिनाभर घरात पंचवीस माणसं. सून दाराशी बसते, उकळत्या समोवारातून अर्धं अर्धं वाडगं चहा ओतते, थोरलं माणूस आत आलं की उठते, वाकते, बसते, पुन्हा उठते. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर पाठ टेकायची. नोव्हेंबरात तिचे पाय सुजले. मी म्हटलं, "पोरी, बस." ती म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" आणि लोक म्हणतच होते! शेजारीण झाल्झीरा माझ्या चुलीशी बसून मला म्हणते, "आजारी सून गळ्यात पडली का गं?" मी तिला काय सांगू, पहारेकरी झोपलेत म्हणून?

मग भाऊजींनी यादी वाचली. म्हणाले, "किडनी आपल्या कुळाची. लग्नाच्या वेळी किडनी मोजायची हे पूर्वजांनी सांगितलं नव्हतं, म्हणून लग्नाला दोष नाही. पण आता कळलं आहे. आजपासून ही सून नाही, लेक आहे. बाळंतपणाला माहेरी आली आहे." लेक माहेरी आली की पाहुणी, विहीणबाई. ती वरच्या बाजूला म्हाताऱ्यांच्या शेजारी बसते, पाय लांब करते, चहा तिच्या हातात येतो. चहा ओततं कोण? झाल्झीराची सून.

नियम मोडला असता तर गाव अंगावर आलं असतं. नियम लावला, तर गावच तिला उशी आणून देतं. भाऊजींचं घर रस्त्याला लागून, गाडी दारात. दर दुसऱ्या सोमवारी ते स्वतः चालवत नेतात. किती दिसतं त्यांना ते विचारू नका. शेजारी माझा पुतण्या बसतो आणि 'डावीकडे, उजवीकडे' सांगतो. मिठाचं मांस तिच्या ताटातून बंद. दूध उकळूनच. रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आहे, सगळे म्हातारे स्वतःचाही मोजतात.

दौरेन सुट्टीवर आला तेव्हा दारात उभा राहून विचारतो, "आई, आता मी माझ्या बायकोचा कोण?" म्हटलं, "घरजावई. लाकडं फोड."

चार दिवस तुम्हाला जळू दिलं, ते मुद्दाम. 'किडनी माझी आहे' याचं ते उत्तर होतं. फिटलं.

कुल्पाश

•

कारागांडा, इस्पितळ,
६ एप्रिल २०१५

कुल्पाश विहीणबाई,

तुमच्या मेंढ्या वितात म्हणून तुम्हाला येता येत नाही, हे मला तुमच्या दिरांनी सांगितलं. तुमच्या दिरांनी मला गाडी चालवताना मागे वळून सांगितलं. मी अजून जिवंत आहे.

मुलगी झाली. शुक्रवारी. पस्तिसावा आठवडा. गुरुवारी रक्तदाब एकशे सत्तरवर गेला, लघवीत प्रथिन उतरलं, डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. पोट उघडताना माझी किडनी वाटेत होती, तिला वळसा घालून गेले. दोन किलो चाळीस ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. रडते जोरात, तो गुण कोणाचा त्यावर मी भांडत नाही.

आता पुढचं वाचा. क्रिएटिनिन एकशे बेचाळीस आहे. डॉक्टर म्हणतात थोडं खाली येईल, शहाण्णववर येणार नाही. जी किडनी पंधरा-वीस वर्षं जाईल असं वाटत होतं, ती कदाचित आठ-दहा जाईल. हे त्यांनी तोग्झानला माझ्यादेखत सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे," आणि दूध काढायचा पंप मागितला. डॉक्टर मला म्हणाल्या, "इतकी शिस्तीची पेशंट मी पाहिली नाही." मी म्हटलं, "शिस्त असती तर ती इथे नसती." त्या हसल्या. डॉक्टरांना अलीकडे कशाचंही हसू येतं.

मी ऑक्टोबरात जे म्हटलं होतं ते खरं निघालं. तुम्ही सगळ्यांनी उशा दिल्यात, गाडी दिलीत, चहा दिलात, आणि किंमत माझ्या किडनीने दिली. मूल गोड आहे म्हणून हिशेब चुकता होत नाही, चूक ती चूकच. हे तुम्हाला लिहून कळवणं मला भाग होतं, कारण समोर असताना तुम्ही कोणाला वाक्य पुरं करू देत नाही.

आणि एक विचारते. सगळ्या गावासमोर तुम्ही तिला आपल्या कुळाची लेक म्हटलंत. पाय लांब करण्यापुरतंच का? आठ वर्षांनी ही किडनी थकली की माझ्याकडे दुसरी आहे, पण ती मला वापरावी लागते. तेव्हा तुमचं कुळ काय देणार? मेंढा?

झाउरेश

•

आमच्या गावाहून,
११ एप्रिल

झाउरेश विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं. भाऊजींना दाखवलं नाही. गाडीबद्दल त्यांना वाईट वाटेल.

फेब्रुवारीत एका सोमवारी मी त्यांच्याबरोबर कारागांड्याला आले होते. तोग्झान बाहेर बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तिला म्हटलं, मी जरा रक्तदाब बघून घेते, आणि आत जाऊन रक्त तपासायला हात पुढे केला. रक्तगट ए निघाला. तिचाही ए, जुळतो. बाकीच्या तपासण्या वेळ आली की करू म्हणाले. बासष्ट वय ऐकून नाक मुरडलं, मग मला तपासलं आणि नाक सरळ केलं. कागद दिला आहे, शिक्क्याचा. पेटीत आहे.

तिथली पोरगी मला म्हणते, "आजी, तिची किडनी तर छान चालली आहे. तुम्हाला एवढी घाई कसली?"

म्हटलं, "घाई मला नाही बाळ. पण माझी विहीण विचारणार आहे, आणि तिला उत्तर लेखी लागतं."

कुल्पाश